गेरू आणि ज्वारीचं पीठ

"हा नाही जी, हा तं विटेचा रंग हाय. अन् हा चहासारखा." रेणुकाबाईंनी रंगाचं कार्ड खाटेवर टाकलं. "मले गेरू पाह्यजे."

सुधाकररावांनी कार्ड उचललं. जैनथहून ऑटोनं आदिलाबादला जाऊन त्यांनी ते आणलं होतं. दुकानदार हसला होता, "अंकल, इतना डार्क? कमरा अंधेरा लगेगा."

पण नागपूरच्या डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा' म्हणून परत पाठवल्यापासून रेणुकाबाईंनी एकच धोशा लावला होता: खोली रंगवा, अन् आताच रंगवा.

"मी गेली की वरीसभर भिंतीले रंग लावत नाहीत," त्या म्हणाल्या. "अन् वरीस झाल्यावर तुमी कायले लावता? तुमाले मी वळखतो!"

सुधाकरराव हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. खोलीचा हिरवा रंग त्यांचीच करणी होती. ते कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. घर बांधलं त्या साली तिथल्या ऑफिसला रंग दिला, त्यातले उरलेले डबे त्यांनी मोठ्या फुशारकीनं घरी आणले. रेणुकाबाईंच्या मनात भीमपूरच्या माहेरासारखी भिंत होती, खाली गेरू, वर फिका रंग. "सिमेटाच्या घराले गेरू? लोकं हासतीन!" एवढं बोलून सुधाकररावांनी विषय मिटवला. बाई तेव्हा जी गप्प बसली ती बसलीच. जन्मभर त्या हिरव्यात उठली, निजली. आता ते आठवलं की सुधाकररावांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

शेवटी कार्डाच्या कोपऱ्यात गेरू सापडला.

"वर पांढरा देऊ?" त्यांनी विचारलं.

"पांढराफटक नको बावा, दवाखाना वाटते. सुवर्णा, थोडंसं पीठ आन वं."

लेकीनं तळहातावर ज्वारीचं पीठ आणलं. रेणुकाबाईंनी ते कार्डाला लावून लावून पाहिलं. "हा. गेरूसंग असाच पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी मारोती पेंटर आला. त्यानं खालचा पट्टा ओढला आणि सुधाकरराव पुढं धावले. ओली भिंत साकळलेल्या रक्तासारखी दिसत होती.

"अरे मारोती, लई काळं झालं हे! थांब थांब!"

"काऊन थांबते तो? वाळू द्या जी," खाटेवरून आवाज आला. "ओला गेरू काळाच दिसते. कदी हातानं लावला असता तं ठावं असतं तुमाले."

संध्याकाळी भिंत वाळली. तांबूस, मऊ, अंगणातल्या मातीसारखी. वर पिठाचा रंग. रेणुकाबाई कुशीवर वळून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "माय आता चुलीपासून हाक मारीन असं वाटते," त्या म्हणाल्या, आणि सुवर्णा तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

राहिली ती खाटेमागची भिंत. वरचा रंग मारोतीनं स्टुलावरून लावला. गेरूसाठी खाट ओढायला हवी होती. ती जराशी हलवली आणि रेणुकाबाई किंचाळल्या.

"राहू द्या," धाप ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "ते माझ्या पाठीमागं हाय. मले कुठं दिसते?"

"बरं वाटलं की लावू," सुधाकरराव म्हणाले. कोणाला बरं वाटणार होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. तेरवी झाली, खाट बाहेर निघाली. मागे खाटेएवढा हिरवा तुकडा तसाच होता.

मारोती जेवायला आला होता. हळूच म्हणाला, "काका, एक हात मारून देतो. कोनाले नाही समजत."

"नाही रे बावा. वरीसभर नाही. तिनंच सांगतलं."

"मंग कपाट तरी सरकवा इथं," शेजारच्या विमलबाई म्हणाल्या. "लई वंगाळ दिसून राह्यलं."

"दिसू द्या. तिनं जन्मभर पाह्यलं."

पाहुणे पांगल्यावर सुधाकररावांनी कोपऱ्यातला गेरूचा डबा काढला. आतला रंग वर्षभर सुकू नये म्हणून झाकण टाचेनं दाबून दाबून बसवलं. मग सतरंजी अंथरली आणि त्या हिरव्या तुकड्याकडे तोंड करून ते निजले.