आभाळातली रेघ आणि मिठाचं गाडगं

मित्रांनो, तुमच्यासमोर उभं राहून बोलण्याची माझी लायकी नाही, तरी बोलतो. मी मिठाचं एक जुनं गाडगं आहे. माझा काठ तीन जागी उडाला आहे आणि हल्ली माझ्यात कोणी मीठ ठेवत नाही. त्याचं मला दुःख नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

कोंडिबा कुंभाराने मला घडवलं. भट्टीत माझ्या वाट्याला जाळ कमी आला, म्हणून मी जरासा कच्चाच राहिलो. वेल्ह्याच्या बाजारात मला कोणी हात लावेना. शेवटी पासली गावच्या धोंडाबाईने मला उचललं आणि पाटीत घालून, डोंगर चढून घरी आणलं. मागल्या दाराजवळ भिंतीत एक कोनाडा होता, तिथे तिने मला बसवलं.

माझा कच्चेपणाच कामी आला. हवेत ओल वाढली की माझ्यातलं मीठ पाझरायचं आणि माझं अंग बाहेरून भिजायचं. दोन-तीनदा असं झालं आणि मागोमाग पाऊस आला. झालं! धोंडाबाईचे यजमान रखमाजी शेतावर जाण्याआधी माझ्या पोटाला हात लावून बघू लागले. शेजारीपाजारीही विचारायचे, "रखमाजी, गाडगं काय म्हनतंय?" मी फुगलो. गाडग्याने फुगू नये, पण फुगलो.

एका श्रावणात मीठ फारच पाझरायला लागलं. धोंडाबाई वैतागली. तिने मला कोनाड्यातून काढलं आणि चुलीमागच्या ओट्यावर, भाणवशीवर ठेवलं. तिथे दिवसभर ऊब असायची, त्यामुळे मीठ खडखडीत राहायला लागलं. जागा बदलल्याने काही बिघडलं असं कोणाच्या मनातही आलं नाही. रखमाजी आता जेवता जेवता नुसतं विचारायचे, "मीठ कसं हाय?"

ते महायुद्धाचे दिवस होते. आमच्या डोंगरांवरून कधीमधी विमान जायचं. ते इतकं उंच असायचं की दिसायचं नाही, मागची पांढरी रेघ तेवढी दिसायची. कधी ती रेघ लगेच मिटायची, कधी तासन् तास तशीच राहायची. मोठी माणसं मान वर करून बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. वरच्या धनगरवाड्यातली सोजराबाई मात्र बघत राहायची. शेळ्यांमागे एकटी हिंडणारी बाई ती, तिला आभाळाचीच सोबत होती.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच सरली होती. रखमाजींनी सगळ्या खाचरांतलं भात कापून वाळायला पसरलं होतं. ऊन कडक पडलं होतं. रखमाजी जेवायला बसले असताना सोजराबाई शेळ्यांसाठी मूठभर मीठ मागायला मागल्या दाराशी आली.

"दादा, भात आजच उचला," ती म्हणाली. "इमानाची रेघ सकाळधरनं मिटंना. कापसावानी पसरतीया. मागल्या आटवड्यातली तर तव्यावर पानी उडावं तशी गेली व्हती."

"त्या रेघंचा आन पावसाचा काय संबंद, बाय?"

"थंडीत शेळीच्या तोंडची वाफ बघा की. हवा कोरडी असली तर लगी इरती. धुकं असलं की तितंच घुटमळती. वर वल हाय दादा, म्या सांगते."

रखमाजी हसले. "धोंडे, मीठ कसं हाय?"

धोंडाबाईने माझ्यात हात घातला. "खडखडीत हाय."

"ऐकलंस? आमचं गाडगं कदी खोटं बोललं न्हाई."

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. माझ्या पाठीला चुलीची धग लागत होती. मला तोंड आहे पण वाचा नाही, ही सबब मी स्वतःला पुष्कळदा दिली. पण खरं सांगू? त्या घडीला मला आनंद झाला. शेळ्यांमागची एक बाई हरली आणि मी जिंकलो, असं मला वाटलं. पोटात मीठ बाळगून मी मिठाला जागलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि तीन दिवस हलला नाही. भात पाण्यात तरंगलं, लोंब्यांना मोड फुटले. त्या घराने पुढचे महिने नाचणीच्या आंबिलीवर काढले.

चूक आपली आहे, हे रखमाजींना म्हणवेना. बांधावर उभे राहून ते चारचौघांत म्हणाले, "त्या सोजरीची जीभ काळी हाय. तिनं तोंड घातलं आन पाऊस आला!" काळ्या जिभेचं माणूस वाईट बोललं की ते घडतं, अशी समजूत होती. बोलणं गावभर झालं. बाया सोजराबाईला बघून लेकरं पदराआड घेऊ लागल्या. खतासाठी शेतात शेळ्या बसवायलाही तिला कोणी बोलावेना.

पाऊस उघडल्यावर धोंडाबाईने मला भाणवशीवरून उचलून गुपचूप कोनाड्यात ठेवलं. तेव्हा मला कळलं की तिलाही कळलं आहे.

शिमग्याला त्यांचा थोरला मुलगा ज्ञानू पलटणीतून रजेवर आला. तो विमानतळावर कामाला होता. रेघेचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "इंजनात तेल जळतं, त्याची वाफ भाईर पडती. वर गारठा असा, की वाफंचं तितंच बर्फाचं कण व्हत्यात. तितली हवा कोरडी असली की कण इरून जात्यात. हवाच वली असली तर इरनार कशात? श्रावनात धोतार वाळतं का? मग रेघ ऱ्हाती, पसरती."

रखमाजी "म्हंजी सोजराबायचं खरं व्हतं," एवढंच म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी तर मनातून खचलोच. कोनाड्यात बसूनसुद्धा मला दारापुरतीच हवा कळायची. वरच्या हवेतलं मला काय कळणार होतं, कपाळ?

चार दिवसांनी सोजराबाई शेळ्या घेऊन मागच्या वाटेने चालली होती. धोंडाबाईने तिला हाक मारली, माझ्यातलं ओंजळभर मीठ काढून तिच्यापुढे धरलं आणि ती रडायला लागली. "गाडगं म्या चुलीमागं ठेवलं व्हतं. माजं चुकलं, सोजराक्का."

सोजराबाईने मीठ घेतलं नाही. "मला कशापायी सांगतीस? मला ठावंच हाय म्या काय बोलले त्ये. पानवठ्यावर सांग. समद्या बाया असत्यात तवा सांग."

धोंडाबाईने होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन पाणवठ्यावर गेली आणि घागर भरून परत आली. तिचा चेहरा बघूनच मी ओळखलं, सांगणं झालं नव्हतं. त्यानंतरही ती रोज गेली आणि रोज तशीच परत आली. मिरगाच्या आधी सोजराबाई शेळ्या घेऊन डोंगर उतरून कोकणात गेली. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. गाडगी फुटतात, नवी मिळतात. माणसाचं नाव मात्र जपा. आपल्याआधी ज्याला खरं दिसलं, त्याच्यावर आळ घेऊ नका. आणि आळ चारचौघांत घेतला असेल, तर माफीही चारचौघांतच मागा. धोंडाबाईला ते जमलं नाही, रखमाजींनाही नाही. आता ते कोणी उरले नाहीत, म्हणून मी तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो. सोजराबाईची जीभ काळी नव्हती. गाडगं चुलीमागे होतं.