रद्द झालेला कौल

मारित टॉलेफसन मिल्वॉकीतल्या एका मतचाचणी कंपनीत फोन करायची. कानावर हेडफोन, समोर पडदा. पडद्यावर उमटेल तो प्रश्न वाचायचा, पदरचा एक शब्द घालायचा नाही. नंबर संगणकच लावायचा. खरं नावही सांगायचं नसे. तिथे ती 'मेरी' होती. निवडणुकीत विस्कॉन्सिन राज्य एका खेपेला इकडे, तर दुसऱ्या खेपेला तिकडे. वीसेक हजार मतांवर अख्खं राज्य कूस बदलतं, म्हणून ऑक्टोबर लागला की इथल्या माणसांच्या फोनला उसंत नसते. दिवसाकाठी शंभर जण तिच्या तोंडावर फोन आपटायचे. पहिल्यांदा लागायचं मनाला. आता काहीच लागत नव्हतं, आणि ते काही नुसत्या कामापुरतं नव्हतं.

शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा फोन लागला. पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं आणि तेवढ्यानेच तिने ओळखलं. तिचे वडील होते, व्हर्लिन.

आठ वर्षं दोघं बोलली नव्हती. सोळाच्या निवडणुकीत, आधी दोनदा डेमोक्रॅटांना मत दिलेल्या व्हर्लिनने अंगणात रिपब्लिकन पक्षाची पाटी रोवली. मारितने ती उपटून मागच्या ओढ्यात फेकली. "या अंगणात पुन्हा पाय ठेवू नकोस," तो म्हणाला होता. तिने नाही ठेवला. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि न जेवता परतली.

ओळखीचं माणूस लागलं तर माफी मागून फोन ठेवायचा, असा नियम होता. तिने ठेवला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. डोळे पडद्यावर होते, ती वाचत गेली.

"आपलं वय?"

थोडं थांबून तो म्हणाला, "एकोणऐंशी."

"घरात मतदार किती?"

"एक."

"देश योग्य दिशेने चाललाय, की चुकीच्या?"

"मी तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. दिशा विचारायची तर ज्याच्या हातात चाक आहे त्याला विचारा."

"योग्य की चुकीच्या, सर?"

"चुकीच्या लिहा."

"मागच्या निवडणुकीत, वीस साली, मत कुणाला दिलंत?"

"कुणालाच नाही. बायकोच्या किमोचा दिवस होता."

आईचं दुखणं इतकं जुनं होतं, हे मारितला ठाऊक नव्हतं. तिने 'मत दिलं नाही' या चौकटीत खूण केली.

"आणि यंदा?"

"ठरलं नाही. मी इकडचाही राहिलो नाही अन् तिकडचाही नाही. दोघांची पत्रकं रोज येतात. शेगडीत घालतो. झकास पेटतात."

"एखाद्या बाजूला थोडाफार कल?"

"नाही."

शेवटचा प्रश्न उरला होता. "गरज पडल्यास आम्ही पुन्हा फोन केला तर चालेल का?"

"कर," व्हर्लिन म्हणाला. मग म्हणाला, "तुझा आवाज थेट तुझ्या आईसारखा झालाय."

तिची बोटं कळफलकावर तशीच राहिली. "कधी ओळखलंस, बाबा?"

"वय विचारलंस तेव्हाच. म्हटलं, पोरगी आठ वर्षांनी बापाचं वय विचारतेय, सांगून टाकावं."

"मग फोन का नाही ठेवलास?"

"तू कुठे ठेवलास?"

पडद्यावर आभाराचं वाक्य आलं होतं. तिने तेच वाचलं. "बरं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

तिने जाऊन रेनाटाला सांगितलं. रेनाटा म्हणजे त्या पाळीची मुकादमच.

"वडील होते? मग शेवटपर्यंत कशाला घेतलंस?"

"वाचत गेले."

"रद्द करावा लागेल हा."

"कर."

रेनाटाने तो कौल पुसून टाकला. रडू येईल म्हणून मारित बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली. आलं नाही. मग तिने डबा खाल्ला.

नोव्हेंबरात राज्य पुन्हा पलटलं, तेही अगदी थोडक्या मतांनी. कंपनीने हिशेब मिटवून माणसं घरी पाठवली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मारितने गाडी काढली आणि तीन तासांनी वडिलांच्या अंगणात लावली. पाटी नव्हती. व्हर्लिन दारात आला. पार वाळला होता.

"बर्फाचे टायर घातलेस का?"

"नाही अजून."

"घाल. पुढच्या आठवड्यात पडणार आहे."

त्याने हॅम घालून वाटाण्याचं सूप केलं होतं. दोघं समोरासमोर बसली.

"दिलं शेवटी मत," तो म्हणाला.

"कुणाला?"

"कंपनी विचारतेय की तू?"

"मी."

"मग नाही सांगत."

तिला हसू आलं नाही, पण रागही आला नाही.

"आईच्या दुखण्याचं मला का नाही कळवलंस?"

"तिनेच नको म्हटलं होतं," तो म्हणाला. मग त्याने चमचा खाली ठेवला. "खोटं बोललो. ती रोज म्हणायची, फोन लाव. मीच लावला नाही."

आता आतून काहीतरी फुटेल, असं मारितला वाटलं. ती वाट बघत राहिली. काही फुटलं नाही. व्हर्लिन तिच्याकडे न बघता पावाचा तुकडा मोडत होता, आणि तो त्याच्याच्याने मोडत नव्हता. तिने पाव घेऊन मोडून दिला आणि स्वतःला आणखी थोडं सूप वाढून घेतलं.