पेन्सिलीचा शेरा

मित्रांनो, मी एक जुनी खाकी फाईल आहे. जुनी म्हटलं तरी वय माझं दोनच वर्षांचं. पण पोलीस ठाण्यातल्या कपाटावर दोन वर्षं काढून बघा, म्हणजे कळेल. माझा एक कोपरा कसरीने खाल्लाय आणि पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग पडलाय. ते ठाणं कोणतं, ते मात्र सांगणार नाही. फायलीने तेवढं पथ्य पाळावं.

माझ्या पोटात एका मुलीचे कागद आहेत. तिचं नाव हर्षाली. गाव डिंभ्याच्या वरच्या अंगाला. तिकडे एसटी आली तर आली, म्हणून कॉलेजची तीन वर्षं ती कळंबला मामांकडे राहिली. शिक्षण संपलं आणि सरकारच्या एका संरक्षण कारखान्यात तिची निवड झाली. आता असल्या कारखान्यात कोणालाही लगेच आत घेत नाहीत. आधी पोलीस चौकशी करतात. ही राहिली कुठे, वागणूक कशी, काही गुन्हा आहे का, सगळं बघतात. त्याला चारित्र्य पडताळणी म्हणतात. अहवाल चांगला गेला की नोकरी पक्की. पण निवड यादीची मुदत एकच वर्षाची होती, आणि ते वर्ष माझ्यावर अवलंबून होतं.

सुरुवात झकास झाली. डिंभ्याकडची चौकशी आठवड्यात आटोपली. कळंबच्या पत्त्यासाठी कागद आमच्या ठाण्यात आले, तेव्हा मला कोरी करकरीत काढून नाडी बांधली. भरत हवालदारांनी टपोऱ्या अक्षरात माझ्यावर नाव घातलं. माणूस शिस्तीचा. त्यांची एक सवय होती. चौकशीचा शेरा ते आधी पेन्सिलीने लिहायचे आणि खात्री पटल्यावरच त्यावर पेन फिरवायचे. मला ती सवय फार आवडायची.

एका गुरुवारी मला पिशवीत घालून ते मोटरसायकलवरून कळंबला गेले. दार वाजवलं. हर्षालीच्या मामी, सारजाबाई, कणकेच्या हातानेच बाहेर आल्या. समोर खाकी वर्दी. शेजारच्या ओट्यावर बायका टकामका बघतायत. त्यातच घरात हर्षालीच्या सोयरिकीचं बोलणं चाललेलं.

"हर्षाली इथंच राहत व्हती ना?" हवालदारांनी विचारलं.

"कोण हर्षाली? अशी कोण पोरगी न्हाई ऱ्हात हितं, भाऊ. तुमी दुसरं घर बगा."

"तीन वर्षं राहिली म्हणून लिहिलंय."

"लिवलं आसंल कुणी. आमाला न्हाई ठावं."

मित्रांनो, ती बाई खोटारडी नव्हती. पोरीच्या नावाने पोलीस दारात आला म्हणजे काहीतरी भानगड असणार, आणि पाहुण्यांच्या कानावर गेलं की जमत आलेलं मोडणार, एवढंच तिला कळलं. पोरीला सांभाळायचं म्हणून तिने पोरगीच नाकारली.

भरत हवालदारांना शंका आली होती. मामींच्या मागे भिंतीवर बक्षीस घेणाऱ्या एका मुलीचा फोटो होता. माझ्या आतल्या फोटोत तोच चेहरा होता. त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही. चौकशीवेळी घरी सारजाबाई हजर.' मला मिटताना स्वतःशीच म्हणाले, "बाई घाबरली. पुढच्या गुरुवारी साध्या कपड्यात येऊ."

पण सोमवारी त्यांच्या बदलीचा आदेश आला आणि बुधवारी ते निघालेसुद्धा. चार्ज घेणारा माणूस रजेवर होता. भरतरावांनी मला मुद्दाम गठ्ठ्याच्या वर ठेवलं आणि शेजारच्या टेबलाला सांगितलं, "हिचं तेवढं बघा राव, पोरगी खरी हाय." शेजारचं टेबल हो म्हणालं. पंधरा दिवसांनी तेही बंदोबस्तावर गेलं. माझ्यावर दुसरे गठ्ठे चढले. सात महिने मी खाली दबून होते.

हर्षाली तेव्हा काय करत होती? दर पंधरा दिवसांनी ठाण्यात यायची, "माझं काही झालं का?" विचारायची आणि "होईल, बघतो" ऐकून परत जायची. सोयरीक तिने थांबवली. कंपनीतली एक नोकरी आली होती, तीही सोडली.

मग वरून स्मरणपत्र आलं. नवे हवालदार घाईत होते. त्यांनी मला उघडलं, पेन्सिलीवर निळं पेन फिरवलं आणि अहवाल धाडून दिला. फोटो माझ्यातच होता. कॉलेजचा दाखला होता, त्यावर कळंबचाच पत्ता होता. एक पान उलटलं असतं तरी पुरे होतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

दहाव्या महिन्यात अहवाल वरून परत आला. हवालदारांनी हर्षालीपुढे मला उघडलं. "तुम्ही तर पत्त्यावर सापडलाच नाहीत."

तिने शेरा वाचला. मामींचं नावही वाचलं. मग म्हणाली, "पुन्हा चौकशी करा, साहेब. मी स्वतः घरी थांबते."

फेरचौकशीच्या दिवशी तिने मामींना शेतावर धाडलं. सगळं नीट झालं. पण सही व्हायच्या आत मोठ्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब येऊन स्वच्छ अहवाल गेला, तेव्हा चौदावा महिना चालू होता. यादी दोन महिन्यांपूर्वीच संपली होती.

परवा हर्षाली आपला मूळ दाखला न्यायला आली. बरोबर मामी होत्या. हवालदार पानं चाळत असताना मामींनी विचारलं, "का वं सायेब, आमच्या पोरीची नोकरी गेली तरी कशानं? लई हुशार हाय वो ती."

हवालदारांचं बोट नेमकं त्या निळ्या शेऱ्यावर होतं. त्यांनी मामींकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. त्यांच्या आधी हर्षाली बोलली.

"बदल्या झाल्या ना, मामी. त्यात कागद राहिला."

"मेल्या बदल्या," मामी म्हणाल्या आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

हर्षालीने मला मिटलं, माझी नाडी स्वतः बांधली आणि गाठ घट्ट मारली. मित्रांनो, मला आता कोणी उघडू नका. पण मोठेपणी तुम्ही टेबलापाशी बसलात आणि माझ्यासारखी एखादी हाताशी आली, तर तिला पुढच्या गुरुवारावर टाकू नका.