शेवाळातली पिल्लं

नर्सबाईंनी बाही कोपरावर सारली आणि चहाची गाळणी घेऊन हात फिशटँकमध्ये घातला. गप्पी माशांची पिल्लं दुपारीच झाली होती. दोन डोळे आणि एक शेपटी, एवढाच एकेकाचा ऐवज. एंजल मासे त्यांच्यावर टपलेले होतेच, पण खुद्द आईनंही दोन गिळली होती. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद मागायची कुणाकडे, म्हणून नर्सबाई स्वतःच पिल्लं वाचवायला निघाल्या होत्या.

या घरात येऊन त्यांना दोनच महिने झाले होते. चाळिशीच्या उंबरठ्यावर लग्न जमलं, तेव्हा इस्पितळातल्या सगळ्याजणी म्हणाल्या, नशीब काढलंस बाई. नवरा मितभाषी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. त्याची पहिली बायको एका सकाळी नेसत्या वस्त्रानिशी निघून गेली होती आणि लोक दोष तिलाच देत. सासूबाई मात्र तो विषय निघाला की भांडी घासायला घेत. नर्सबाईंना या घराची शांतता फार आवडली होती. रोज ड्यूटी संपवून रात्री आठला त्या येत, तेव्हा सगळं कसं चिडीचूप असे. आज रजा होती, म्हणून नवरा घरी यायच्या वेळेला त्या पहिल्यांदाच घरात होत्या.

"काकू, बाहेर नका काढू," शेजारी उभी असलेली ठकी म्हणाली. सहा वर्षांची ही सावत्र लेक त्यांना अजून आई म्हणत नव्हती.

"अगं, नाही काढली तर उद्यापर्यंत एक उरायचं नाही."

"तिथली उरतात."

ठकीनं कोपऱ्यातल्या शेवाळाकडे बोट दाखवलं. नर्सबाईंनी निरखून पाहिलं. हिरव्या धाग्यांत चार पिल्लं होती, शेपटीसुद्धा न हलवता. एंजल मासा त्यांच्या तोंडासमोरून गेला, परत आला, थोडा थांबला आणि निघून गेला.

"हललं नाही की तो विसरतो," ठकी म्हणाली. "माझी आई सारखी हलायची."

नर्सबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे काय, असं त्या विचारणार, तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला. स्वयंपाकघरातला नळ मध्येच बंद झाला, सासूबाईंची भांडी थांबली. ठकी खिडकीच्या पडद्याला चिकटली आणि तिची पापणीही लवेनाशी झाली. उभा जन्म आजाऱ्यांत काढलेल्या बाईला भीतीनं गप्प झालेलं पोर ओळखता येतं. हे पोर घाबरलं होतं.

दारात किल्ली फिरली. आलात का, चहा टाकते, एवढंच म्हणायचं होतं. पण नर्सबाईंनी गाळणी घट्ट धरली. हात पाण्यात तसाच राहिला.

नवरा आत आला. त्यानं बूट काढले, जोडीनं नीट लावले आणि फिशटँकपाशी येऊन उभा राहिला. नर्सबाईंकडे त्यानं पाहिलंही नाही. बराच वेळ तो काचेतून आत बघत होता.

"पाणी का हलतंय?" त्यानं विचारलं, अगदी हळू, मायेनं.