शब्दाला पक्का देव

डॉक्टरांनी बाळाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, फुफ्फुसातली गाठ दाखवली आणि म्हणाले, कॅन्सर आहे, पण वेळेत आलात, लगेच केमो सुरू करू. वेळेत आलात, हे मी ऐकलं. नवऱ्याच्या कानात फक्त आधीचं शिरलं.

गावात पाय ठेवला तर सल्ला तयार: आधी देवाला गाऱ्हाणं, मग केमो. गाऱ्हाणं घालायचा मान लवू गावकराचा. देवळासमोर नारळ ठेवून त्याने खड्या आवाजात हाक दिली, "बाळाच्या छातयेत जा काय दुखणा आसा, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला. त्यातला एकही जण हॉस्पिटलात सोबतीला येणार नव्हता.

"आता गुण येयसर थांबूया," नवरा म्हणाला, म्हणजे गुण येईपर्यंत केमो नाही. मी भांडले, रडले, जेवण रांधायचं बंद केलं. हा शेजारी जेवून आला.

दिवाळी सरली आणि त्याची पाठ दुखायला लागली. कॅन्सर फुफ्फुसातून मूत्रपिंडात गेला होता. आता बरा होणार नाही, डॉक्टर म्हणाले, औषधांनी दिवस वाढतील एवढंच.

गावाने देवाची बाजू लगेच सावरून घेतली. छातीतून बाहेर काढ म्हटलं, देवाने काढलं. पुढे कुठे टाकायचं ते लवूने सांगितलंच नव्हतं. "अर्धवट गाऱ्हाणा घातलंस तू," म्हणून त्याला फैलावर घेतलं आणि नवं, पक्कं गाऱ्हाणं ठरलं. बारावीतल्या माझ्या लेकीला, अक्षयाला, विचारून शरीरातल्या सगळ्या अवयवांची नावं गोळा केली. शेजारच्या बाबलीने त्यात स्वतःचा गुडघाही घुसवला.

ठरल्या सकाळी सगळे जमले, पण लवूचा पत्ता नाही. शेवटी त्याची सून संचिता सांगत आली, "मामा कोल्हापुराक गेले. खोकलो जायना, म्हणान पयल्या एसटीन तपासूक गेले."

नवरा कमरेला हात लावून खुर्चीत बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

"माका ओढून कित्याक नाय न्हेलंस गो?"

मला त्याचा भयंकर राग आला, आणि तेवढीच कीव. "ओढलंय," मी म्हटलं. "पण दुसऱ्या बाजून सगळो गाव तुमका धरून होतो."

तो उठला. "चल, आता जावया."

"बाळा, खंय चललस?" बाबलीने विचारलं. "गाऱ्हाणा तुझा आसा."

"लवूच्या नावान घाला," नवरा म्हणाला. "आणि गुण येयसर तेका दवाखान्यात जावक देव नकात."