पुढच्या डाव्या टायरमधला फोम

माझा धाकटा भाऊ पन्नाशीला आला तरी खेळण्यातल्या गाड्यांत रमायचा, आणि कोणी तसं बोलून दाखवलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "खेळणं नाही ताई, रेसिंग कार आहे." घरात सगळे त्याला खटपट्याच म्हणत. एका बंद हॉलमध्ये गालिचा अंथरून, कडेला लाकडी फळ्या लावून ट्रॅक केलेला होता. त्यावर या रिमोटच्या गाड्या अशा पळायच्या की बघताना मान दुखावी. गाडी चालवायची त्याची लेक, म्हणजे माझी भाची. टायर मात्र तो स्वतःच्या हाताने करायचा आणि दुसऱ्या कोणाला शिवूसुद्धा द्यायचा नाही.

या टायरांत हवा नसते. रबराच्या आत फोमची कडी बसवतात आणि रबर रिमला गोंदाने पक्कं चिकटवतात. फोम मऊ असेल तर टायर गालिचा धरून राहतो, कडक असेल तर वळणावर घसरतो. दिसायला दोन्ही सारखेच काळे. खटपट्या प्रत्येक कडी दोन बोटांत दाबायचा, डोळे मिटायचा आणि जुळणाऱ्या चार बाजूला काढायचा. बोटांची ही विद्या आमच्या घरातलीच. वडिलांचं गाद्या-सोफ्यांचं दुकान मी चालवते, आणि गिऱ्हाईक बसायच्या आधी मला कळतं की ही गादी बसणार की टिकणार.

मग तो आजारी पडला. औषधांनी आजार काही हटला नाही, बोटं तेवढी बधिर झाली. शर्टाची बटणं भावजय लावून द्यायची. पण टायर? ते तोच करणार! उशीला टेकून, मांडीवर पाट घेऊन, तासन् तास.

त्याच सुमाराला भाची हरायला लागली. कायम पहिली-दुसरी येणारी पोर पाचवी-सहावी यायला लागली. ती शर्यतीहून आली की पलंगावरून पहिला प्रश्न यायचा.

"कशी होती गाडी?"

"एकदम सरळ, बाबा."

"मग तूच वाकडी चालवतेस. लक्ष नाही तुझं."

"हो, बाबा."

मला नवल वाटायचं. एरवी ही पोर शब्दाला शब्द देणारी, मला तर दोन देते. बापासमोर मात्र मूग गिळून उभी राहायची.

तो गेला, त्याच्या थोडे दिवस आधी त्याने चार टायर तिच्या हातात दिले. "वर्षाची फायनल यांच्यावर मार. एकदा जिंक, बस." आयुष्यात कधी कोणाकडे काही न मागणारा माणूस, मागितलं ते एवढंच.

फायनलच्या आदल्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. पिशवीतून तेच चार टायर काढून तिने कापडाच्या ठाणावर ठेवले. हाताची खोड, मी एकेक उचलून दाबला. तीन सारखे होते. चौथा दगड.

"अगं, हा कडक आहे."

"हं. पुढचा डावा."

"तुला माहीत होतं?"

"प्रत्येक वेळी तोच असायचा, आत्या. तो बाबा सगळ्यात शेवटी करायचे. तोवर बोटं पार मेलेली असायची." ती टायर हातात फिरवत होती. "उजव्या वळणावर गाडी बाहेर जायची. मग मी आधीच वळवायला शिकले."

"आणि त्याला बोलली नाहीस?"

"काय बोलू? टायर करणं एवढंच राहिलं होतं त्यांच्याकडे."

आपली लेक निष्काळजी झाली, हे मनात घेऊन माझा भाऊ गेला; आणि तिने ते त्याला नेऊ दिलं.

आता पेच असा, की त्याचे टायर लावायचे तर जिंकणं नाही, आणि जिंकायचं तर त्याचे टायर नाहीत. मी माझ्या स्वभावाप्रमाणे घाव घालून दोन तुकडे केले. "जिंक. टायर काय, रबर आहे. त्याचा जीव तुझ्या जिंकण्यात होता."

तिने चारही टायर पिशवीत परत भरले. मग म्हणाली, "तू करशील?"

तिने घरून त्याचा कड्यांचा डबा आणला. मी कड्या दाबून जुळणाऱ्या चार काढल्या आणि नव्या रबरात बसवल्या. गोंद बोटांना चिकटला तेव्हा दोन शिव्याही हासडल्या. खटपट्या असता तर पोट धरून हसला असता.

दुसऱ्या दिवशी भाची बाकीच्या खेळाडूंबरोबर, जिथून गाड्या चालवतात त्या उंच मंचावर उभी राहिली, मी खाली फळीशी. गाडी सुटली ती बाणासारखी. पहिल्या उजव्या वळणाला ती वळणाच्या आधीच आत घुसली आणि आतल्या फळीवर आदळली. घाबरली असेल, मी म्हटलं. पुढच्या फेरीत तीच जागा, तीच फळी. माइकवाला म्हणाला, "आज झालंय काय हिला?" तिसऱ्या वेळी मी गाडीकडे बघितलंच नाही, तिच्या हाताकडे बघितलं. वळण यायच्या आधी हात रिमोटचं चाक फिरवत होता. त्या दगडासारख्या टायरला सांभाळून घेत होता, आणि तो टायर तर पिशवीत पडलेला.

ती शेवटची आली. मंचावरून उतरली तेव्हा डोळे कोरडे होते.

"गाडी चांगली होती गं, आत्या. हातच ऐकत नाही."

रडले मी. चारचौघांत, भोकाड पसरून. शहाणपणा करायला गेले आणि पोरीच्या हातून दोन्ही घालवलं. उलट तीच माझी पाठ थोपटत राहिली.

बक्षिसं वाटून झाली, माणसं पांगली. हॉलवाला गालिचा झाडत होता. त्याची आणि खटपट्याची जुनी ओळख. मी विचारलं तर म्हणाला, "चालवा की. दिवे मी मागाहून बंद करतो." पान्याने मी माझे टायर उतरवले आणि भावाचे चढवले. भाची एकटीच मंचावर चढली.

गाडी निघाली. उजवं वळण आलं, हात आधीच फिरला, गाडी थोडी बाहेर पसरली आणि फळीला न लागता निघून गेली. पुढच्या फेरीत तशीच. त्याच्या पुढच्या फेरीतही. बरा असताना खटपट्या जिथे उभा राहायचा तिथेच मी उभी होते, हे मला उशिरा कळलं.

"कशी आहे गाडी?" मी खालून विचारलं.

तिने ट्रॅकवरची नजर काढली नाही.

"एकदम सरळ," ती म्हणाली. "आणि लक्षही आहे माझं."