भासऱ्याचं माप

वारलूनं टेपचं एक टोक उंबऱ्यावर अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसरं टोक दाराच्या कडीपर्यंत नेलं. चार फूट चार इंच. विश्वास बसेना म्हणून त्यानं पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.

"कडीले काय झालं?" चुलीपासून मैनानं विचारलं.

"ढिली झाली वाटते."

"ढिल्या कडीले टेप लावते का कोनी?"

वारलूनं टेप खिशात टाकला आणि चहाचा कप उचलला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी बायकोपुढे थाप पचवायची कला काही त्याला साधली नव्हती. मैनानं डोळे बारीक करून एकदा कडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि भाकर उलटली.

त्याला मोजायची होती ती कडी नव्हे, चंचल. धाकट्या भावाची, सुकलूची बायको. एकाच अंगणात दोन घरं, अकरा वर्षांचं शेजारपण, आणि या अकरा वर्षांत दोघांत एका शब्दाचीही देवघेव नाही. वारलू तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, खाटेवर किंवा खुर्चीवर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही. तो समोरून आला की मान खाली घालून, अंग आकसून बाजूला व्हायचं. हे सगळं म्हातारीनं, वारलूच्या आईनं घालून दिलेलं. म्हातारी जाऊन सहा वर्षं झाली होती. गावातल्या नव्या सुना तर भासऱ्याच्याच मोबाइलवर गाणी ऐकत होत्या. पण इथं आधी सोडायचं कोणी, हाच प्रश्न होता. वारलूला वाटे, आपण बोललो तर तिला संकोच होईल. तिला काय वाटे ते कळायला मार्ग नव्हता.

आणि आता चंचलला गाडी शिकायची होती.

ती पशुसखी झाली होती. बकऱ्यांना, कोंबड्यांना लस टोचायचं काम. त्यासाठी जंगलातल्या नऊ टोल्या, म्हणजे वस्त्या फिरायच्या, तेही लशीच्या डब्यातला बर्फ वितळायच्या आत. पायी फिरून ते होणारं नव्हतं. सुकलू तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, तो होळीशिवाय यायचा नव्हता. सोमवारी पहिला डबा मिळणार होता. तोवर स्वतःच्या हातानं गाडी चालवता आली तर काम तिचं, नाहीतर यादीतल्या दुसऱ्या बाईचं. प्रशिक्षणात पहिली आलेली चंचल त्या दिवशी अंगणात मैनाला हे सांगताना रडली होती. वारलूनं ते भिंतीआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन तीन गाड्या ओळीनं उभ्या केल्या.

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडमागे त्याचं गॅरेज होतं. कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लहानपणी त्यानं मास्तरांचं घड्याळ उघडलं होतं आणि मार खाताना एकीकडे स्प्रिंगचाच विचार केला होता. आता हे नवं कोडं त्याच्यापुढे आलं होतं. माणसाप्रमाणे गाडी कशी बेतायची? लोक गाडी घेताना रंग बघतात, मायलेज विचारतात, आणि बसल्यावर पाय लोंबकळले की गाडीलाच शिव्या घालतात.

सुकलूची मोठी गाडी त्यानं आधीच बाद केली. तिचं वजन टाकीत, म्हणजे वरच्या अंगाला. जरा कलली की नवशिक्याच्या हातात राहणार नाही. स्कूटी बसायला सोपी, पण तिची चाकं लहान. नाल्यातल्या गोट्यांत रुतून बसायची. राहिली एका मास्तरांनी विकायला ठेवलेली जुनी शंभर सीसी. हलकी, सीट पुढून निमुळती, इंजिन खाली बसवलेलं. गाडी ठरली. आता बाईचं माप हवं होतं.

तिथंच घोडं अडलं. पायांची लांबी कळल्याशिवाय सीट किती उतरवायची ते कळेना, आणि भावाच्या बायकोच्या पायाचं माप मागायला जीभ रेटेना. मैनाकरवी मागवावं तर ती चार घरं सांगत सुटणार. मग त्याला आठवलं की चंचल चहाची भांडी न्यायला येते तेव्हा दाराशी थांबते, आणि तिचं डोकं बरोब्बर कडीला लागतं. उंचीच्या निम्म्यातून दोन-अडीच इंच वजा केले की पाय. हिशेब सोपा होता. तो स्वतःवरच खूश झाला.

हाताचं माप तर त्याहून सहज मिळालं. त्यानं बाजारात कासाराला विचारलं, "आमच्या घरच्या बाया कोन्त्या नंबरच्या बांगड्या भरते?" मैनाचा दोन-सहा, चंचलचा दोन-दोन. दोन-दोनच्या हाताची बोटं आखूडच असणार, म्हणून त्यानं क्लचचा आणि ब्रेकचा दांडा मुठीजवळ आणला.

मग तीन दिवस तो त्या गाडीमागे लागला. सीटचं कव्हर काढून आतला फोम सुरीनं तासला. मागे दुसऱ्या एका बुटक्या गाडीचे आखूड शॉकअप बसवले. पुढच्या चाकाचे पाइप क्लॅम्पमध्ये वर सरकवले. गाडी खाली बसली तसा साइड स्टँड लांब पडू लागला आणि गाडी उभी केली की पलीकडे कलंडायला बघे. मग स्टँड कापून वेल्डिंग केलं. गाडी घरी आणली तेव्हा मैना कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"लयच ठेंगनी केली वो."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले गाडीतलं नाई समजत," मैना म्हणाली, आणि आत गेली.

शुक्रवारी सकाळी शाळेमागच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. शिकवणी म्हणजे कशी, तर वारलू कुंपणाकडे तोंड करून उभा. त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर गाडी, गाडीवर चंचल, आणि मधे मैना.

"क्लच सोडाची घाई करू नोको म्हना," वारलू कुंपणाला म्हणाला.

"घाई करू नोको म्हनते," मैना म्हणाली.

"हो म्हना," चंचलचा बारीक आवाज आला.

"हो म्हनते."

इंजिन दोनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा घरघरलं, चाचरलं, आणि चालू लागलं. वारलूनं डोळे मिटून घेतले. बघायची मुभा नसली तरी ऐकायला कुणाची बंदी होती? पहिला गिअर. आता दुसरा टाकावा, असं त्याच्या मनात येतंय तोच दुसरा पडला. आवाज मोहाच्या झाडापर्यंत गेला, वळला, परत आला. एक चक्कर झाली. दुसरीही झाली, आणि ती पहिलीपेक्षा सरळ होती. बाई चांगली शिकते आहे, हे त्याला त्या आवाजावरनंच कळत होतं. त्याला फार आनंद झाला, आणि तो कुणाला दाखवावा कळेना म्हणून तो कुंपणाच्या तारेवरचा गंज नखानं खरडत राहिला.

तिसऱ्या चकरेत खरर्र आवाज आला. लोखंड दगडावर घासल्याचा. पाठोपाठ इंजिन बंद.

वारलू वळला. अकरा वर्षांचा रिवाज आठवायला वेळ मिळाला नाही. गाडी घासली की मिस्त्री वळतोच.

पडलं कुणी नव्हतं. मैदानाच्या मध्यात गाडी उभी होती आणि तिच्यावर एक अनोळखी बाई बसली होती. डोक्यावर पदर नव्हता, हेल्मेट होतं. साडीऐवजी पंजाबी ड्रेस, त्याची ओढणी कमरेला गच्च बांधलेली. पाठ ताठ, मान वर. वाकून गाडीखाली बघून ती नुकतीच सरळ झाली होती. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले होते, टेकूनही पाय दुमडलेलेच होते, आणि गुडघे दोन्हीकडे बाहेर आले होते. लहान पोराच्या सायकलीवर मोठं माणूस बसावं तशी ती दिसत होती.

वारलू पाहतच राहिला. आधी त्याला गाडीच चुकली असं वाटलं. तो मनातल्या मनात फोम, शॉकअप, पाइप असं एकेक पुन्हा तपासून आला. सगळं बरोबर होतं. चार फूट चार इंचाच्या बाईला ती गाडी चोख बसली असती.

समोरची बाई चार फूट चारची नव्हती. बुटकीच, पण कडीपेक्षा चांगली पाच-सहा इंच उंच. कडीखाली उभी राहायची ती मान मोडून, खांदे पाडून, त्याच्यापुढे. अकरा वर्षं ती सरळ उभी राहिलेली त्यानं पाहिलीच नव्हती. मैनानं रोज पाहिली असेल, पोराटोरांनी पाहिली असेल, बकऱ्यांनीसुद्धा पाहिली असेल. वारलूला शरम वाटली. कुणाची आणि कशाबद्दल, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

तेवढ्यात चंचलचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तिचा हात हेल्मेटवरून पदर शोधत फिरला, खांदे आत गेले, मान खाली आली. पाहता पाहता ती पुन्हा कडीएवढी झाली. एक पाय उचलून ती उतरायला लागली.

"तिले म्हना..." वारलूनं मैनाकडे पाहत सुरुवात केली, आणि तो थांबला. मग त्यानं गाडीकडेच पाहिलं.

"उतरू नोको, चंचल. तशीच बस."

मैनाचं तोंड उघडं राहिलं. चंचलचा उचललेला पाय तसाच हवेत थांबला आणि हळूच परत खाली आला.

"सरळ बस. मघा बसली होती तशी. माप चुकलं माहं."

तो चालत गाडीपाशी आला आणि धुळीत मांडी घालून खाली बसला. सायलेन्सरला ओरखडा पडला होता. त्यानं गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर वितीनं पाहिलं, मग सीट पाहिली. बसलेल्या बाईकडे बघायला त्याला आता मान वर करावी लागत होती.

"शॉकअप जुनेच लावतो. सीटही दुसरी टाकतो. उद्या दुपारपावतर होऊन जाइन," तो म्हणाला. "पन मंग दोनी पाय नाई टेकनार. एकच टेकन. किती ठेवू?"

चंचलच्या बांगड्या हँडलवर किणकिणल्या. मैनानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग गाडीवरचे खांदे हळूहळू मागे गेले.

"एकच टेकू द्या," चंचल म्हणाली. आवाज आधी फाटला, मग सापडला. "इतकी खाली असली तं नाल्यातल्या गोट्यायले लागन. अन् धानाच्या रोवन्यात दिवसभर एकाच पायावर तोल ठेवतो आमी चिखलात. मले जमते, भाऊजी. उंचच करून द्या."

मैनानं सवयीनं नवऱ्याकडे तोंड फिरवलं.

"उंचच करून द्या म्हनते."

"आयकलं मी," वारलू म्हणाला.